कान देऊन बसलेली माणसं

वायरलेसच्या इतिहासावर पुस्तकांना तोटा नाही. मार्कोनीची चरित्रं आहेत, आर्मस्ट्राँग आणि सारनॉफ यांच्या मैत्रीची आणि पुढच्या कोर्टकज्ज्यांची कहाणी आहे, व्हॉल्व्ह आणि एरियलच्या आकृत्या तर हव्या तेवढ्या. आम्ही अभियंते हे सगळं आवडीने वाचतो. पण दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत किनाऱ्यावरच्या आडबाजूच्या स्टेशनात पाळीला बसणारा ऑपरेटर दिवसभर काय करायचा, रात्र कशी काढायचा, याबद्दल या पुस्तकांत जेमतेम एखादा परिच्छेद सापडतो. त्यामुळे या माणसाला मध्यभागी आणणारी कलाकृती दिसली, की तिच्याकडे बारकाईने पाहावंसं वाटतं. हॅरी वॉट यांचा 'नॉर्थ सी' हा १९३८ सालचा माहितीपट अशी कलाकृती आहे. तो उत्तम आहे, आणि तरीही नेमक्या महत्त्वाच्या जागी कमी पडतो, असं माझं मत आहे.

ब्रिटनच्या टपाल खात्याचं त्या काळी स्वतःचं फिल्म युनिट होतं, आणि किनाऱ्यावरची रेडिओ स्टेशनंही त्याच खात्याच्या ताब्यात होती. गोष्ट अर्ध्या तासाची आणि साधी. अॅबरडीनची 'जॉन गिलमन' ही मच्छीमार बोट वादळात सापडते, आत पाणी शिरतं, वायरलेस बंद पडतो. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला विक नावाच्या गावी असलेलं स्टेशन तिला हाका मारत राहतं. अखेर संपर्क जुळतो आणि बोट घरी परतते. प्रसंग घडलेल्या घटनेवर आधारलेला आहे आणि त्यात कामं केली आहेत ती अॅबरडीनच्या खऱ्या खलाशांनी. बोटीच्या आतले काही प्रसंग स्टुडिओत उभे केले आहेत, पण ते खोटे वाटत नाहीत.

या चित्रपटाचं मोठेपण कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. आपल्या मुंबईतच जन्मलेल्या किपलिंगने १९०२ साली 'वायरलेस' नावाची कथा लिहिली. समुद्रकाठच्या गावातलं औषधाचं दुकान, मागच्या खोलीत मार्कोनीच्या यंत्राचा प्रयोग, आणि पुढे दुकानात क्षयाने खंगलेला एक नोकर तंद्रीत कीट्सच्या ओळी लिहू लागतो! कथा विलक्षण आहे, पण यंत्र तिथे भुताटकीसारखं येतं आणि यंत्र चालवणारा केवळ निमित्तापुरता उरतो. छत्तीस वर्षांनी वॉट यांच्या चित्रपटात ही जादू पार ओसरलेली आहे. बोटीवर रेडिओटेलिफोन आहे, कप्तान स्वतःच आपल्या बोलीत बोलतो, आणि विकचा माणूस त्याला नोकरीतल्या माणसाच्या आवाजात उत्तर देतो. त्या आवाजात अद्भुत असं काही नाही. वायरलेस हा चमत्कार राहिला नसून कुणाची तरी रोजची नोकरी झाला आहे, हे इतक्या स्पष्टपणे पडद्यावर क्वचितच आलं असेल.

आता माझी तक्रार. वॉट यांनी निवडली ती वादळाची रात्र. पण किनाऱ्यावरच्या स्टेशनाचं आयुष्य बहुतेक काही न घडणाऱ्या रात्रींचं होतं. जहाजांसाठी आलेल्या तारांची यादी ठरलेल्या वेळी प्रसारित करायची, हवामान सांगायचं, मोर्स कानांनी ऐकत टाइपरायटरवर उतरवायचं आणि प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद करायची. आणि या सगळ्यात एक विलक्षण शिस्त होती. मोर्सच्या संकटसंदेशांची लहर ६०० मीटरची. त्या लहरीवर दर तासाला १५ आणि ४५ व्या मिनिटापासून तीन तीन मिनिटं सर्वांनी गप्प बसायचं. वायरलेसच्या खोलीतल्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगाने रंगवलेला असे. एखादं दुबळं यंत्र, एखादी बुडणारी बोट क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती ऐकू यावी, म्हणून तासातून दोनदा समुद्रावर शांतता. बहुतेक वेळा त्या शांततेत काहीच ऐकू येत नसे. 'काही नाही' असं वहीत लिहिलं, की पुढचं काम सुरू. माझ्या मते या नोकरीचं सार त्या तीन मिनिटांत आहे. 'नॉर्थ सी'मध्ये संकट दिसतं, पण संकटाची वाट पाहत काढलेली वर्षं दिसत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, नुसतं ऐकत बसलेल्या माणसाचं चित्रण करायचं तरी काय? तर याचं उत्तर वॉट यांनी स्वतःच दिलेलं आहे. दोनच वर्षं आधी, १९३६ साली, बेसिल राइट यांच्याबरोबर त्यांनी 'नाइट मेल' केला होता. लंडनहून स्कॉटलंडला जाणारी टपालगाडी. तिला अपघात होत नाही, दरोडा पडत नाही. धावत्या गाडीत पत्रांची वर्गवारी होते आणि सकाळी गाडी पोचते. तरी आपण खिळून पाहतो, कारण रोजच्या कामातली लय त्यांना सापडली होती. विकच्या खोलीत त्यांनी ती शोधलीच नाही. खात्याला आपली सेवा किती उपयोगी आहे ते दाखवायचं होतं, आणि उपयोग सिद्ध करायला बोट वाचवावी लागते!

पिस्कॅटवेत बसून मला विकची इतकी चिंता का, असं वाचक विचारतील. कारण ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे. रॅरिटन नदीच्या पलीकडे, फ्रँकलिन टाउनशिपमध्ये मार्कोनी कंपनीने न्यू ब्रन्सविकचं प्रेषण केंद्र उभारलं. १९१८ साली अध्यक्ष विल्सन यांचे चौदा मुद्दे इथूनच समुद्रापार गेले. प्रेषकाच्या गोंगाटात ग्राहक बहिरा होतो, म्हणून ऐकण्याचं केंद्र दूर, किनाऱ्याजवळ बेलमारला, आजच्या वॉल टाउनशिपमध्ये. तिथे अविवाहित ऑपरेटरांसाठी लाल कौलांचं विटांचं वसतिगृह होतं. त्याला 'हॉटेल' म्हणत. १९१४ सालच्या जानेवारीत आर्मस्ट्राँग आणि सारनॉफ यांनी बेलमारलाच रात्रभर दूरदूरची केंद्रं ऐकली, ती रात्र इतिहासात आहे. त्या हॉटेलातल्या बाकीच्या रात्री नाहीत. युद्धानंतर आरसीए कंपनीने अटलांटिकपारचं सगळं तारकाम न्यू यॉर्कच्या कचेरीत आणलं. तिथली कळ दाबली, की न्यू ब्रन्सविकचा प्रेषक बोलू लागे. बेलमारच्या खोल्या रिकाम्या झाल्या. जहाजांशी बोलणारी केंद्रं मात्र जागी राहिली. केप कॉडवरच्या चॅटहॅमला तर १९९७ पर्यंत माणसं पाळीवर बसत होती.

आणि हीच रचना आपल्याकडेही होती, समुद्रापासून लांब. इंग्लंडशी बीम वायरलेस सुरू झालं तेव्हा प्रेषण खडकीहून आणि ग्रहण दौंडहून होई. लॉर्ड आयर्विन यांनी त्याचं उद्घाटन केलं २३ जुलै १९२७ ला. त्याच दिवशी त्यांच्याच हस्ते मुंबई नभोवाणी केंद्रही सुरू झालं. आज २३ जुलै हा भारतात प्रसारण दिन म्हणून पाळला जातो तो नभोवाणीसाठी. बोलणाऱ्या केंद्राचा वाढदिवस होतो, ऐकणाऱ्या दौंडची कुणाला आठवण नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडला चहा घेतलेल्या आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आपल्या वाङ्मयाने पोस्टमास्तर ओळखला, शाळामास्तर तर घरचाच मानला. पण माळावर बसून विलायतेचे ठोके टिपणारा माणूस मराठी वाचकाला अनोळखीच राहिला.

यात आपलाही संबंध आहे. मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं पेजर उशाशी ठेवून रात्री काढल्या आहेत. कुठल्याशा बँकेची, टेलिफोन कंपनीची यंत्रणा पडू नये म्हणून जागं राहायचं, आणि ती पडली नाही की त्या रात्रीचा पुरावा काहीच उरत नाही. आपल्या स्मरणिकांत कंपनी काढणाऱ्यांच्या मुलाखती येतात, पेटंटं मिळवणाऱ्यांचे सत्कार छापले जातात. ते योग्यच आहे. पण आपली मुलं 'बाबा कॉम्प्युटरवर काहीतरी करतात' यापलीकडे जात नाहीत, याचा दोष त्यांचा नाही. आपणही आपल्या कामातली फक्त वादळंच सांगत आलो.

'नॉर्थ सी' जरूर पाहावा, 'नाइट मेल' त्याच्या जोडीला पाहावा. आणि ज्यांनी अशा पाळ्या केल्या आहेत, मग त्या कारखान्यातल्या असोत, इस्पितळातल्या असोत की संगणकापुढच्या, त्यांनी एखाद्या साध्या रात्रीचा तासवार वृत्तान्त आपल्या या पुरवणीसाठी लिहून पाठवावा. त्यात काही घडलं नसलं तरी चालेल. वहीत 'काही नाही' असं लिहिणाऱ्या ऑपरेटरनेही त्या रात्री आपलं काम पुरं केलेलं होतं.