डग्लस, फ्रेडरिक

(फेब्रुवारी १८१८–२० फेब्रुवारी १८९५). अमेरिकन कृष्णवर्णीय वक्ता, पत्रकार, आत्मचरित्रकार व गुलामगिरीविरोधी चळवळीचा एक प्रमुख नेता. मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. मेरिलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात हॅरिएट बेली या गुलाम स्त्रीच्या पोटी त्याचा जन्म झाला. पिता गौरवर्णीय असावा, यापलीकडे त्याच्याविषयी निश्चित असे काही ज्ञात नाही. आपला जन्म १८१७ मधील असावा, असे डग्लस आयुष्यभर धरून चालला. मालकाच्या हिशेबवहीत मात्र तो फेब्रुवारी १८१८ असा नोंदलेला आढळतो. स्वतःच्या जन्माची नोंददेखील ज्याच्या हाती नव्हती, त्याने पुढे आपले जीवनचरित्र तीन वेळा लिहिले. नॅरेटिव्ह ऑफ द लाइफ ऑफ फ्रेडरिक डग्लस (१८४५), माय बाँडेज अँड माय फ्रीडम (१८५५) आणि लाइफ अँड टाइम्स ऑफ फ्रेडरिक डग्लस (१८८१, वाढविलेली आवृत्ती १८९२) हे ते तीन ग्रंथ होत. एकाच आयुष्याची ही तीन कथने शेजारी ठेवून वाचल्यास, स्वतःच्या अनुभवाचा अर्थ लावण्याचा अधिकार मिळविण्यासाठी त्याने केलेला दीर्घ झगडा त्यांतून स्पष्ट होतो. त्याच्या वाङ्मयाचे खरे महत्त्व या झगड्यात आहे.

बालपणी काही वर्षे आजीजवळ काढल्यानंतर १८२६ मध्ये त्याला बॉल्टिमोर येथे ह्यू ऑल्ड याच्या घरी पाठविण्यात आले. तेथे मालकीण सोफाया हिने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला; परंतु शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे सांगून ह्यू ऑल्डने ते शिक्षण बंद पाडले. अक्षरज्ञान आणि स्वातंत्र्य यांचा संबंध आपणास मालकाच्या या विरोधामुळेच उमगला, असे डग्लसने नमूद केले आहे. रस्त्यावरील गोऱ्या मुलांकडून तो वाचावयास शिकला व मिळविलेल्या पैशांतून त्याने द कोलंबियन ऑरेटर (१७९७) हा वक्तृत्वविषयक उताऱ्यांचा संग्रह विकत घेतला. १८३४ मध्ये त्याला एडवर्ड कव्ही या शेतकऱ्याकडे एका वर्षासाठी कामास दिले गेले. बंडखोर गुलामांना वठणीवर आणणारा, अशी कव्हीची ख्याती होती. अनेकदा फटके खाल्ल्यानंतर डग्लसने त्याच्याशी झुंज दिली आणि त्यानंतर कव्हीने त्याच्यावर पुन्हा हात टाकला नाही. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात, दुसऱ्याची कागदपत्रे जवळ बाळगून, तो आगगाडीने बॉल्टिमोरहून निघाला व न्यूयॉर्कला पोहोचला. तेथे ॲना मरी या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीशी त्याचा विवाह झाला. मॅसॅचूसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे स्थायिक झाल्यावर त्याने डग्लस हे आडनाव धारण केले. वॉल्टर स्कॉटच्या एका काव्यातील पात्रावरून ते सुचविण्यात आले होते.

१८४१ मध्ये नॅनटकेट येथील सभेत त्याने केलेल्या भाषणाने विल्यम लॉइड गॅरिसन व त्याचे सहकारी प्रभावित झाले आणि गुलामगिरीविरोधी संस्थेचा पगारी वक्ता म्हणून त्याची नेमणूक झाली. येथेच एक नवा पेच निर्माण झाला. त्याने केवळ घडलेल्या हकीकती सांगाव्यात, त्यांमागील तत्त्वचर्चा इतरांवर सोपवावी, अशी या हितचिंतकांची अपेक्षा होती. त्याच्या बोलण्यात मळ्यावरील बोलीची थोडी छटा राहिली तर बरे, असेही त्याला सुचविण्यात आले. कारण त्याचे प्रौढ वक्तृत्व ऐकून हा माणूस कधी गुलाम होता काय, अशी शंका श्रोते घेऊ लागले होते. त्या शंकेला उत्तर म्हणून १८४५ चा ग्रंथ अवतरला. मालकांची, मुकादमांची व स्थळांची खरी नावे त्याने त्यात दिली. त्याला पूर्वी ओळखणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थाने असे पुस्तक त्या गुलामाला लिहिताच येणार नाही, असा आक्षेप वृत्तपत्रातून घेतला. परंतु त्या आक्षेपामुळे ग्रंथातील व्यक्ती व स्थळे खरी असल्याचीच साक्ष मिळाली. नावे उघड झाल्याने पुन्हा पकडले जाण्याचा धोका वाढला आणि डग्लसला आयर्लंड व ब्रिटनमध्ये जाऊन राहावे लागले. तेथील मित्रांनी १५० पौंड भरून १८४६ मध्ये त्याची कायदेशीर मुक्तता करविली.

नॅरेटिव्ह हे तिन्ही ग्रंथांत सर्वांत लहान व सर्वांत परिणामकारक आहे. त्याची रचना साधी, वाक्ये आटोपशीर आणि निवेदन संयत आहे. मावशीला मालकाने मारलेल्या फटक्यांचे वर्णन लेखक आरंभीच करतो व लहान मुलाच्या नजरेतून वाचकाला त्या प्रसंगाचा साक्षीदार बनवितो. गुलामांच्या गाण्यांविषयीचे त्याचे विवेचन तर विशेष मोलाचे आहे. ती गाणी समाधानाची निदर्शक आहेत, असा उत्तरेकडील अनेकांचा समज होता. ती दुःखातून जन्मतात, असे डग्लसने दाखवून दिले. त्या वर्तुळाच्या आत असताना आपणासही त्या गाण्यांचा अर्थ कळला नव्हता, ही त्याची कबुली येथे महत्त्वाची ठरते. कारण अनुभव आणि अनुभवाचे आकलन यांतील अंतर तो जाणतो. पुढे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस याने द सोल्स ऑफ ब्लॅक फोक (१९०३) या ग्रंथात याच गीतांचा सखोल विचार केला. तथापि नॅरेटिव्हची चौकट डग्लसची स्वतःची नव्हती. ग्रंथाच्या प्रारंभी गॅरिसनची प्रस्तावना व वेंडेल फिलिप्सचे पत्र आहे. गोऱ्या मान्यवरांनी ग्वाही दिल्याविना कृष्णवर्णीयाची साक्ष ग्राह्य मानली जात नव्हती, हेच त्यावरून दिसते.

अमेरिकेस परतल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे द नॉर्थ स्टार हे वृत्तपत्र सुरू केले. गॅरिसनप्रभृतींना हा उपक्रम रुचला नाही. पुढे संविधानाच्या प्रश्नावर दोघांत उघड फूट पडली. संविधान हा गुलामांच्या मालकांशी केलेला करार आहे, म्हणून ते त्याज्य होय, असे गॅरिसनचे मत होते. डग्लसने १८५१ मध्ये ते मत सोडले आणि संविधानाचा आधार घेऊनच गुलामगिरीशी लढता येईल, अशी भूमिका घेतली. रॉचेस्टर येथे ५ जुलै १८५२ रोजी केलेल्या प्रसिद्ध भाषणात या भूमिकेचे वाङ्मयीन रूप आढळते. राष्ट्रसंस्थापकांची मनःपूर्वक स्तुती करीत असतानाच तो स्वातंत्र्यदिनाचा उल्लेख ‘तुमचा’ दिवस असा करतो. या एका सर्वनामाने श्रोता व वक्ता यांतील दरी उघडी पडते. त्यानंतर उपरोध व संताप यांचा वेग वाढत जातो. शेवटी मात्र संविधानाच्या पायावर आशा व्यक्त करून भाषण संपते.

माय बाँडेज अँड माय फ्रीडम हा ग्रंथ या फुटीनंतरचा आहे. तो पहिल्या ग्रंथाच्या जवळजवळ चौपट असून त्याची प्रस्तावना जेम्स मक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टराने लिहिली आहे. हा बदल केवळ औपचारिक नाही. पहिल्या ग्रंथात आईच्या मृत्यूची वार्ता आपण एखाद्या परक्या व्यक्तीच्या मृत्यूप्रमाणे ऐकली, असे त्याने म्हटले होते. दुसऱ्या ग्रंथात तीच आई रात्री दूरवरून चालत येते, उपाशी ठेवलेल्या मुलाची बाजू घेऊन स्वयंपाकिणीला खडसावते आणि त्याच्या हाती आल्याची गोड पोळी ठेवते. तिला वाचता येत होते, हेही तो अभिमानाने नोंदवितो. कव्हीशी झालेल्या झुंजीच्या कथनातही असाच फरक आढळतो. पहिल्या कथनात नायक एकाकी आहे. दुसऱ्यात कॅरोलाइन नावाची गुलाम स्त्री मालकाला साहाय्य करण्याचे नाकारते व त्याबद्दल मार सोसते. गुलामगिरीने नाती कशी तोडली, हे पहिला ग्रंथ सांगतो. ती तोडण्याचा प्रयत्न होऊनही काय शिल्लक राहिले, हे दुसरा सांगतो. उत्तरेकडील आगगाड्यांत व गुलामगिरीविरोधी संस्थांतदेखील आढळणाऱ्या वर्णद्वेषाची चिकित्सा करण्याचे धैर्यही येथेच प्रथम विस्ताराने दिसते. काही ठिकाणी अलंकारिकता वाढली असून निवेदनाचा पूर्वीचा नेमकेपणा उणावला आहे; परंतु विचारांच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत समृद्ध ग्रंथ होय.

यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) डग्लसने कृष्णवर्णीयांच्या सैन्यभरतीसाठी प्रचार केला. त्याचे दोन पुत्र ५४ व्या मॅसॅचूसेट्स पलटणीत दाखल झाले. वेतनातील भेदभावाबद्दल तो १८६३ मध्ये एब्राहम लिंकनला भेटला. लिंकनविषयीचे त्याचे मूल्यमापन १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टन येथे स्मारकाच्या अनावरणप्रसंगी केलेल्या भाषणात आढळते. राष्ट्राध्यक्ष ग्रँट याच्या उपस्थितीत त्याने लिंकन हा प्रथमतः गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, असे स्पष्टपणे सांगितले. त्याचबरोबर त्या काळाच्या मर्यादांत लिंकनने साधलेले कार्य किती मोठे होते, हेही मान्य केले. कृतज्ञता व सत्य यांचा असा तोल स्मारकप्रसंगीच्या भाषणांत क्वचितच आढळतो. त्या पुतळ्यात मुक्त गुलाम गुडघे टेकलेला दाखविला आहे. तो दोन्ही पायांवर ताठ उभा असलेला पाहण्याची इच्छा डग्लसने त्यानंतर थोड्याच दिवसांत वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. हे पत्र २०२० मध्ये संशोधकांच्या नजरेस आले.

उत्तरायुष्यात त्याने कोलंबिया जिल्ह्याचा मार्शल (१८७७–८१), तेथील दस्तनोंदणी अधिकारी (१८८१–८६) व हैतीमधील अमेरिकन वकील (१८८९–९१) अशी पदे भूषविली. लाइफ अँड टाइम्स हा या काळातील ग्रंथ त्यामानाने शिथिल आहे. पदे, प्रवास व सत्कार यांच्या वृत्तांताने त्याचा बराच भाग व्यापला असून त्याला विक्रीतही फारसे यश लाभले नाही. तरीही पूर्वी इतरांच्या सुरक्षिततेसाठी लपवून ठेवलेली पलायनाची हकीकत येथे प्रथमच ग्रंथरूपाने आली. १८७७ मध्ये मृत्युशय्येवरील जुना मालक टॉमस ऑल्ड याच्याशी झालेल्या भेटीचे वर्णन तर या ग्रंथाचा उत्कर्षबिंदू मानता येईल. आजीला वाऱ्यावर सोडल्याचा जो आरोप त्याने ऑल्डवर जाहीरपणे केला होता, तो चुकीचा असल्याचे डग्लस येथे कबूल करतो. ज्या संस्थेविरुद्ध तो आयुष्यभर झगडला, तिच्यासंबंधी त्याने तडजोड केली नाही. व्यक्तीविषयीची चूक मात्र त्याने दुरुस्त केली.

डग्लसच्या आत्मकथनांत काही ठळक उणिवाही आहेत. पलायनास मदत करणारी व ४४ वर्षे संसार सांभाळणारी पत्नी ॲना हिला तिन्ही ग्रंथांत अत्यल्प स्थान आहे. १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील परिषदेत स्त्रियांच्या मताधिकारास जाहीर पाठिंबा देणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हे मौन विशेष जाणवते. स्वावलंबनाने वर आलेल्या पुरुषाची प्रतिमा उभी करताना त्याने आपल्यामागील अनेकांचे श्रम पडद्याआड ठेवले, हा आक्षेप रास्त म्हणावा लागेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे ग्रंथ बव्हंशी विस्मृतीत गेले होते. फिलिप फोनरने संपादिलेले त्याच्या लेखनाचे खंड १९५० पासून निघू लागले व बेंजामिन क्वार्ल्सने संपादिलेली नॅरेटिव्हची आवृत्ती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर अमेरिकन साहित्यातील अभिजात कृती म्हणून त्यांची गणना होऊ लागली. डेव्हिड ब्लाइट याने लिहिलेल्या चरित्रास (२०१८) पुलिट्झर पारितोषिक मिळाले. ज्या चळवळीचे डग्लसने नेतृत्व केले, तिचा दूरवरचा प्रतिसाद महाराष्ट्रातही उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या आत्मकथनापासून मराठी दलित आत्मकथनांची जी परंपरा दृढ झाली, तिच्या वाचकाला डग्लसपुढील प्रश्न अपरिचित वाटणार नाही. सोसणाऱ्याने केवळ साक्ष द्यावी आणि निष्कर्ष दुसऱ्यांनी काढावेत, ही विभागणी त्याने नाकारली. आपले आयुष्य तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, याचे कारण प्रत्येक वेळी त्याला त्यात अधिक अर्थ दिसत होता आणि तो सांगण्याचे काम दुसऱ्यावर सोपविण्यास तो तयार नव्हता.