रंगद्रव्यांचा प्रयोग : एका रूढ प्रात्यक्षिकाची चिकित्सा

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांमध्ये कागदी क्रोमॅटोग्राफीने पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याच्या प्रयोगाला मानाचे स्थान आहे. तो कमी खर्चाचा व डोळ्यांना सुखावणारा आहे, हे मान्यच करावे लागेल. मात्र त्यातून विद्यार्थी नेमके काय शिकतो, याची चिकित्सा क्वचितच होते.

१९०६ साली मिखाईल त्स्वेत यांनी या पद्धतीचे 'क्रोमॅटोग्राफी' असे नामकरण केले, तेव्हा पानाचा हिरवा रंग एकाच द्रव्याचा आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. आपल्या प्रयोगशाळेत प्रश्न लोपला असून उत्तर तेवढे उरले आहे. वरून खाली कॅरोटीन, झँथोफिल, हरितद्रव्य 'अ' आणि हरितद्रव्य 'ब' असे चार पट्टे वहीत काढले की प्रयोग संपतो. साहजिकच 'वनस्पतीत चार रंगद्रव्ये असतात' असा विद्यार्थ्याचा समज होतो.

वस्तुतः पेट्रोलियम ईथर व ॲसिटोन यांचे मिश्रण मेदविद्राव्य द्रव्येच वर नेते. लाल माठाची भाजी भाताला रंगवते ते बीटासायनिन पाण्यात विरघळते. ते या पट्ट्यांत दिसत नाही. नीलहरित शैवालांतील फायकोसायनिन प्रथिनाशी बद्ध असते. ॲसिटोनमध्ये ते उतरत नाही. स्पिरुलिनाची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून गाळली असता मात्र निळा अर्क मिळतो. हे द्रव्य सुमारे ६२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हरितद्रव्य 'अ' जेथे दुर्बल ठरते तेथील प्रकाश शोषते. शैवालांची प्रकाशग्रहणाची ही युक्ती रूढ प्रयोगात पूर्णतः झाकली जाते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आर.एफ. मूल्य हे कागद, द्रावक व तापमान यांनुसार बदलते. तरीही वह्यांमध्ये पुस्तकातीलच आकडे आढळतात, कारण गुण त्यांनाच मिळतात. अशा रीतीने निरीक्षणाच्या तासालाच आपण निरीक्षण न करण्याचे शिक्षण देतो.

भिवंडी हे यंत्रमागाचे व रंगाईचे शहर आहे. कोणता रंग पाण्यात सुटतो व कोणता पक्का राहतो, हे येथील अनेक विद्यार्थी घरीच शिकलेले असतात. एकाच तासाला पाण्यातील व ॲसिटोनमधील असे दोन अर्क शेजारी ठेवले, तर या अनुभवाला शास्त्राची जोड मिळेल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. मोजलेल्या आकड्याला व त्याच्या स्पष्टीकरणाला गुण देण्याची तयारी मात्र हवी.