अभिरूप न्यायालयातील यश व साक्षीदाराची बोली

विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकातील सुखात्मे हा अशिलांवाचून बसलेला वकील आहे. खऱ्या कोर्टात ज्याला कोणी विचारीत नाही, तो अभिरूप न्यायालयात मात्र कमालीचा यशस्वी होतो. फिर्यादीची बाजू तोच मांडतो आणि बचावाचीही तोच. नाटकाची चर्चा बहुधा बेणारेबाईंच्या छळाभोवती फिरते, व ते योग्यच आहे. तथापि सुखात्म्याचे बळ पुराव्यात नसून न्यायालयीन भाषेच्या साच्यात आहे, ही गोष्टही नजरेआड होऊ नये. उलटतपासणीत बेणारेबाई गप्प राहतात, आणि त्यांचे दीर्घ स्वगत कोणाच्याच कानी जात नाही. ज्या सामंताला कोर्ट कसे चालते हे समजावे म्हणून हा खेळ मांडला, तो गावचा भाबडा माणूस तर जवळच्या कादंबरीतून साक्ष उचलून देतो.

विधिमहाविद्यालयांतील स्पर्धांकडे या नाटकाच्या उजेडात पाहणे उद्बोधक ठरेल. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन अभिरूप न्यायालयांना ३० गुण आहेत, आणि प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणालाही तितकेच. परंतु पारितोषिके मिळतात ती पहिल्याला. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने १९९९ व २०१३ मध्ये जेसप ही जागतिक स्पर्धा जिंकली. हे यश लहान नव्हे. मात्र अशा स्पर्धांत घटना आधीच ठरलेली असते. वाद कायद्याच्या अर्थाचा, भाषा बहुधा इंग्रजी, आणि साक्षीदार मुळातच नाही. काही स्पर्धांत साक्षीदार असतो, पण तोही विद्यार्थीच असल्याने वकिलाचीच भाषा बोलतो. म्हणजे पुन्हा सामंतच!

आता धर्माबादसारख्या तालुक्याच्या न्यायालयाचा विचार करावा. तेलंगणाच्या सीमेवरील या गावी मराठीबरोबर तेलुगू व दखनी नित्य कानी पडतात. निजामाच्या राज्यात येथील न्यायव्यवहार उर्दूत चाले, आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतच होते. ती भाषा येथील बहुसंख्यांची नसली तरी शिक्षण व कचेरी यांत निदान फारकत नव्हती. १९९८ मध्ये राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. प्रश्न उरतो तो कोणती मराठी, हा.

नांदेडकडे 'काय करायलास?' याचा अर्थ 'काय करीत आहेस?' असा होतो. त्याच रीतीने 'तो मला मारायलता' म्हणजे 'तो मला मारीत होता'. पुणेरी कानाला यात 'मारायला आला होता' असे ऐकू येण्याचा संभव आहे, आणि नोंद तशी झाली तर मारहाण घडली की केवळ उगारली गेली, हा खटल्याचा गाभाच बदलतो. या एका प्रत्ययावर एखाद्याची शिक्षा अवलंबून राहू शकते. जागच्या जागी उठून 'साक्षीदाराच्या बोलीत याचा अर्थ विचारावा' अशी विनंती करणारा वकील येथे खरा कुशल. पण या कौशल्याला गुणपत्रिकेत रकाना नाही.

शिवाय साक्ष प्रश्नोत्तररूपाने क्वचितच उतरते. वकिलाचा प्रश्न व साक्षीदाराचे उत्तर एकवटून प्रथमपुरुषी कथन तयार होते. वकिलाने 'तुम्ही खोटी साक्ष देत आहात' असे सुचवावे, साक्षीदाराने नुसते 'नाही जी' म्हणावे, आणि कागदावर यावे : 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' हे वाक्य साक्षीदाराच्या नावे आहे, पण त्यातला त्याचा शब्द एकच. अपिलातला वादविवाद पुढे याच कागदावर चालतो, आणि स्पर्धेतला विद्यार्थी ज्या तयार घटनापत्रकावर बोलतो ते याच कागदाचे आदर्श रूप असते.

नांदेड-लातूरकडून स्पर्धेस जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरची बोली 'करायलास'चीच आहे. परीक्षकांसमोर उभे राहण्यापूर्वी ती जिभेवरून पुसून टाकणे, हाच त्यांच्या तयारीचा पहिला धडा असतो.