हवाईचे गाणे आणि उकुलेलेचे शिक्षण

उकुलेले हे वाद्य फार लवकर हाती येते, अशी त्याची कीर्ती आहे. आणि आमच्या मते त्याच्यावरील मोठे संकटही हेच आहे. तीन कॉर्ड बोटांत बसल्या की नवशिका आठ-पंधरा दिवसांत हवाईची दोन-चार गाणी वाजवू लागतो, आणि त्या बेटांचे संगीत आपणास आले अशी त्याची समजूत होते. शिकवणीची जी पुस्तके व चित्रफिती आज सर्वत्र मिळतात, त्यांतील बहुतेकांचा क्रम असा की, आधी कॉर्ड, मग ठेका, मग चाल आणि सर्वांत शेवटी, सवड उरलीच तर, शब्द. हा क्रम उलटा आहे असे आम्हांस म्हणावयाचे आहे.

प्रथम वाद्याविषयी. ते मूळ हवाईचे नव्हे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूस लागले. त्यांत मानुएल नुनिश, अगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेइरात 'माशेत' नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य होते. त्याचा आकार आणि 'राजांव' या त्याच्या थोरल्या भावंडाची जुळणी यांच्या मिलाफातून, कोआ या तेथील लाकडात, उकुलेले घडले. पोर्तुगालच्या सत्तेखाली साडेचार शतके काढलेल्या गोव्याच्या वाचकास येथे एक गोष्ट लक्षात येईल. हवाईत पोर्तुगीज आले ते मजूर म्हणून, राज्यकर्ते म्हणून नव्हे. म्हणून त्यांचे वाद्य तेथील राजाने निःशंकपणे आपलेसे केले. राजा कालाकाउआने त्याला दरबारात आणि हुला नृत्यात स्थान दिले. 'उकुलेले' म्हणजे 'उडी मारणारी पिसू' असा अर्थ सर्वत्र सांगतात. कालाकाउआची बहीण, पुढे राणी झालेली लिलिउओकलानी, हिला मात्र 'येथवर आलेली देणगी' हा अर्थ अधिक आवडे. आम्ही राणीच्या बाजूचे आहोत.

आता तंत्र. चार तारा सोल, दो, मी, ला अशा लावतात. चर्चच्या शाळेत सोल्फ घोकलेल्यांस हे स्वर ओळखीचे वाटतील. गंमत अशी की पहिली 'सोल' खालची नसून वरची असते. त्यामुळे तारा चढत्या क्रमाने लागत नाहीत, आणि हात फिरताच तो हलका, खळाळणारा नाद उमटतो. हुला-कुई या जातीच्या गाण्यांची बांधणीही साधी: बहुधा दोन ओळींचे कडवे, ते दोनदा म्हणावयाचे, आणि दोन कडव्यांच्या मध्ये 'व्हॅम्प' नावाचा कॉर्डांचा छोटा फेरा. गाणाऱ्याला श्वास घेता यावा आणि नाचणाऱ्याला पुढील कडव्याची सूचना मिळावी, यासाठी तो असतो. पुस्तके त्यावर पानेच्या पाने खर्च करतात. वस्तुतः तो दरवाजाचा उंबरठा आहे. घर पुढे आहे.

घर म्हणजे भाषा. हवाईच्या लिपीत पाच स्वर आणि आठ व्यंजने, एवढाच संसार. त्या आठांतील एक 'ओकिना', म्हणजे घशात क्षणभर केलेला अटकाव. आणि स्वरावरील आडवी रेघ म्हणजे 'कहाको', ही दीर्घत्वाची खूण. ही दोन चिन्हे छपाईत गाळण्याची रीत बरीच वर्षे होती, आणि आजही कित्येक गीतपुस्तके त्यांना रजा देतात. 'पाउ' या ध्वनीभोवतीचीच गोष्ट घ्या. अटकाव नसता त्याचा अर्थ 'संपले'. अटकाव घातला की 'काजळी'. अटकावानंतरचा 'उ' दीर्घ केला की 'ओलसर'. आणि दोन्ही स्वर दीर्घ केले की 'स्त्रीचा घागरा'. एका मात्रेने नायिकेच्या घागऱ्याची काजळी व्हावी, अशी ही भाषा आहे. 'दिन' आणि 'दीन' यांतील अंतर लहानपणी छडी खाऊन शिकलेल्या मराठी माणसास हे समजावयास अडचण पडू नये. किंबहुना ऱ्हस्वदीर्घाचा कान आणि मोकळे स्वर असल्याने आमच्या लोकांस हे उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा सोपे जावेत. ज्यांच्या जिभेला ते अवघड, त्यांनीच शिकवणीची पुस्तके लिहिली. शब्द शेवटच्या पानावर गेले ते कदाचित म्हणूनच.

उच्चाराच्या पलीकडे अर्थ आहे, आणि तो पडद्यात आहे. त्याला 'काओना' म्हणतात. हवाईच्या गाण्यात पाऊस हा नुसता पाऊस नसतो. हिलोच्या पावसाला 'कानीलेहुआ' हे नाव आहे, मानोआ खोऱ्याच्या पावसाला 'तुआहिने' हे दुसरे. जागेचे, वाऱ्याचे, फुलाचे नाव घेतले की जाणत्या श्रोत्यास एखादी व्यक्ती, एखादी भेट, कधी एखादे लफडेही कळते. मांडोतील विरहवेदना कोणाच्या घरची, हे साष्टीतील जुन्या घरांत जसे न बोलता समजत असे, तसेच हे. मांडवीतील पर्यटकांच्या बोटीवर कोंकणी गाणी ऐकून परत गेलेला प्रवासी 'मी मांडो ऐकला' म्हणतो, तेव्हा आपण नुसते हसतो. उकुलेलेचा नवशिका त्याच प्रवाशाच्या जागी उभा आहे.

सर्वांत बोलका दाखला 'कउलाना ना पुआ' या गाण्याचा. याची चाल इतकी आनंदी आहे की शब्द न जाणणारा ते बालगीत समजेल. 'पुआ' म्हणजे फुले, एवढे कळले तर त्याची खात्रीच होईल. परंतु येथे फुले म्हणजे त्या भूमीची लेकरे. १७ जानेवारी १८९३ रोजी, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले असताना, मळेवाल्या व व्यापारी गटाने राणी लिलिउओकलानीस पदच्युत केले. नव्या सरकारशी एकनिष्ठेची शपथ घेण्यास राजवाद्यवृंदातील वादकांनी नकार दिला, आणि त्यांच्या विनंतीवरून एलन प्रेंडरगास्ट या राणीच्या सखीने हे गीत रचले. त्यात चार बेटांना त्यांच्या प्राचीन अधिपतींच्या नावांनी हाक आहे, शत्रूच्या कागदावर सही न करण्याचा निर्धार आहे, आणि सरकारच्या पैशापेक्षा आम्हांस आमच्या भूमीचे दगड पुरेत, अशी प्रतिज्ञा आहे. म्हणून त्याला 'दगड खाण्याचे गीत' असेही नाव पडले. या गाण्यावर पूर्वी कोणी नाचत नसे, इतके ते पवित्र मानले जाई. ज्यांनी तो कागद नाकारला, त्याच लोकांनी १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक सह्या केल्या. आमच्या व्यवसायात सहीचे मोल रोज दिसते. पण न केलेल्या सहीवर गाणे रचले गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. आज हे गाणे 'नवशिक्यांसाठी सोपे' या सदरात, आकर्षक ठेक्यासह शिकविलेले पाहिले म्हणजे मन विषण्ण होते.

आणि शब्द गळाले ते आपोआप नव्हे. १८९६ च्या कायद्याने हवाईतील शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले, आणि दोन-तीन पिढ्यांत घराघरांतून ती भाषा ओसरली. मुलाच्या शाळेची भाषा सरकारी कागदावर ठरण्याचा अर्थ सीमाभागातील आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. १९७८ मध्ये राज्यघटनेने हवाईयनला अधिकृत भाषेचे स्थान दिले, पुढील दशकात त्या भाषेच्या बालशाळा निघाल्या. पण मधल्या काळात ती भाषा पुष्कळ अंशी गाण्यांनी सांभाळली होती. त्या गाण्यातूनच शब्द काढून नुसती चाल ठेवणे म्हणजे कायद्याने अर्धवट सोडलेले काम हौसेने पुरे करणे होय.

यावर कोणी म्हणेल, संगीत सर्वांचे; चालीचा आनंद घेण्यास परवाना का लागावा? आक्षेप खरा आहे. १९१५ च्या सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर अमेरिकेत उकुलेलेची लाट आली, आणि 'हापा हाओले' म्हणून ओळखली जाणारी, हवाईचा रंग असलेली इंग्रजी गाणी निघाली. त्यांतील काही खरोखरच गोड आहेत, आणि ती ज्यांस आवडतात त्यांनी ती जरूर गावी. ती इंग्रजी गाणी आहेत, एवढे ओळखून. आपल्याकडे तर आणखी निराळे घडले. १९४० च्या दशकात ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब कलकत्त्यास राहून गेले. हवाईयन गिटार येथे रुजली, तिच्यावर व्हॅन शिपलेंनी चित्रपटगीते वाजविली, ब्रिजभूषण काब्रांनी राग मांडले. वाद्य आले आणि आमचे झाले. गाणे मात्र आलेच नाही. त्यात लबाडी नव्हती, कारण काब्रांनी आपण हवाईचे गाणे वाजवितो असे कधी म्हटले नाही. आमची तक्रार वाद्य घेणाऱ्यांविरुद्ध नाहीच. गाणे घेतले असे सांगून चाल नेणाऱ्यांविरुद्ध आहे.

हवाईतही हा भ्रम होता. एडी कामाए (१९२७–२०१७) हा उकुलेलेचा अद्वितीय वादक तरुणपणी जॅझ आणि लॅटिन अमेरिकन संगीतात रमला होता. आपल्या बेटांचे संगीत त्याला फारच सोपे वाटे. बोटांच्या दृष्टीने ते सोपेच होते. पुढे गॅबी पाहिनुई यांची संगत लाभली, 'सन्स ऑफ हवाई' हा वृंद उभा राहिला, आणि मेरी कवेना पुकुई या कोशकार विदुषीने त्याला जुन्या गीतांकडे वळविले. मग हा कसलेला वादक वाइपिओ खोऱ्यातील वृद्ध गीतकार सॅम लिआ यांच्याकडे शब्दांसाठी जाऊ लागला. कामाएचे नंतरचे वादन ऐकावे: बोटे तीच, पण ती आता गाणाऱ्याच्या मागे राहतात, आणि शब्द संपेपर्यंत थांबतात.

जिनोआ केआवे (१९१८–२००८) यांचे 'आलिका' ऐकावे, ते दुसऱ्या कारणासाठी. छातीच्या आवाजातून वरच्या आवाजात जाताना जो सांधा येतो, तो लपविण्याची शिकवण आपल्याकडील गायकीत मिळते. हवाईची गायिका तो मुद्दाम ऐकू देते, त्याला 'हाइ' असे नावही आहे. मग त्या एक स्वर इतका लांबवितात की ऐकणाऱ्याचाच श्वास संपावा. हातात उकुलेले असते, पण त्याचे काम ठेका धरण्यापुरते. नवशिक्याने हे गाणे घ्यावयाचे ठरविले, तर महिनाभर वाद्य खुंटीला टांगून त्या स्वराच्या आधीचे आणि नंतरचे शब्द तोंडी म्हणावेत. त्यांचा अर्थ एखाद्या जाणत्यास विचारावा. कॉर्ड तीनच आहेत, त्या कोठे जात नाहीत.