कथेचा जीर्णोद्धार

रात्री साडेआठ वाजता दूरचित्रवाणीवर जे घडते, त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जत मार्गावरील लोकलच्या महिला डब्यात लागतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. बदलापूरहून मुंबईपर्यंतचे ते सुमारे ६८ किलोमीटरांचे अंतर रोज दोन वेळा कापणाऱ्या स्त्रियांनी, बदलापूरला जागा धरून बसलेल्या, अंबरनाथला दाराशी रेटून आत शिरलेल्या आणि उल्हासनगरला जेमतेम एका पायावर उभ्या राहिलेल्या स्त्रियांनी, आदल्या रात्रीच्या भागाची जी फेरतपासणी कल्याण येईपर्यंत पुरी केलेली असते, तिच्यात केवळ तक्रार नसते. ‘असे नको होते’ या वाक्याच्या पाठोपाठ ‘असे व्हायला हवे होते’ हे दुसरे वाक्य येते, आणि त्या दुसऱ्या वाक्यापासून एक नवी कथा सुरू होते. जगात जिला फॅनफिक्शन म्हणतात आणि मी या लेखापुरती दुरुस्तीकथा म्हणेन, तिचे आपल्याकडचे मूळ रूप हे असे तोंडी आहे. मोबाइलवर टंकून ती प्रतिलिपीसारख्या वाचनाच्या ॲपवर भागशः देण्याची रीत नंतरची.

या कलेची आजची अवस्था काय आहे हे पाहण्यापूर्वी तिला कलेच्या पंक्तीत बसविण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न उपस्थित होईल, आणि त्याचे उत्तर मी आपल्याच परंपरेच्या दप्तरातून काढीन. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही लोकापवादाच्या भयाने नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी योजून त्या नायकाला नायक म्हणून उभे राहता येईल अशी तजवीज केली. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकातील कैकेयीला चौदा दिवस म्हणावयाचे होते, चित्तक्षोभात तोंडून चौदा वर्षे निघून गेली; त्याच्याच नावावर असलेल्या ‘पंचरात्रा’त तर दुर्योधन पांडवांना अर्धे राज्य देऊन टाकतो आणि युद्धाचे कारणच मिटते. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन यांनी याला शास्त्राची सनदही दिली: परंपरेने आलेल्या इतिवृत्तातील एखादी स्थिती रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ती टाकावी आणि रसाला अनुकूल अशी दुसरी कल्पावी, असे त्यांचे स्पष्ट प्रतिपादन आहे. पुढे कुंतकाने शाकुंतलातील शापाचे उदाहरण घेऊन या कौशल्याची चिकित्सा केली. तेव्हा दुसऱ्याच्या कथेत हात घालणे हा अनधिकार आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी कालिदासाला जाब विचारावा.

पाश्चात्त्यांकडे वाचकाचा रोष कर्त्यापर्यंत पोहोचल्याची प्रसिद्ध कथा शेरलॉक होम्सची आहे. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये त्याला धबधब्यात लोटले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणणे भाग पडले. आपल्याकडे ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ या हिंदी मालिकेतील मिहिर असाच प्रेक्षकांच्या आग्रहामुळे मृत्यूतून परतला. परंतु मराठी मालिकांच्या प्रेक्षकांचे गाऱ्हाणे बहुधा नायकाच्या मृत्यूविषयी नसते. ते असते माणूस बदलून टाकल्याविषयी.

उदाहरण म्हणून ‘तुला पाहते रे’ घ्या. झी मराठीवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली तेव्हा विक्रांत सरंजामे हा प्रौढ, संपन्न, मितभाषी उद्योगपती आणि ईशा निमकर ही चाळीच्या संस्कारात वाढलेली मुलगी यांच्यातील वयाचे अंतर हाच तिचा विषय होता. तो नाजूक होता, आणि कित्येक घरांत त्यावर गंभीर बोलणेही झाले. विवाहानंतर विक्रांत हा पूर्वपत्नी राजनंदिनीचा घातक ठरला, ईशा तिचाच पुनर्जन्म ठरली, आणि २०१९ च्या जुलैमध्ये मालिका संपली तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत ज्या प्रश्नाशी प्रेक्षक मनापासून झगडला होता, तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता अशा थाटात निकालात निघाला होता. नायक खलनायक निघणे हे वळण स्वतः वाईट नव्हे, आणि सुबोध भावे यांनी ते समर्थपणे पेललेही. दोष हा की पूर्वार्धातील विक्रांतच्या एकाही कृतीत उत्तरार्धातील विक्रांतचे बीज पेरलेले आढळत नव्हते.

‘होणार सून मी ह्या घरची’मधील जान्हवीचे लांबलेले गरोदरपण हा सार्वत्रिक चर्चेचा विषय झाला होता. त्याविषयी अधिक लिहीत नाही. तो कथेचा नव्हे, मुदतवाढीचा प्रश्न होता. वाहिनीला लोकप्रिय मालिका संपवायची नसते, दर आठवड्याला येणारा टीआरपीचा आकडा पुढचे वळण ठरवितो, कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी असते, आणि रोज सुमारे वीस मिनिटांचा मजकूर पुरवायचा असतो. अशा तगाद्याखाली काम करणाऱ्या लेखकांविषयी माझ्या मनात सहानुभूती आहे. याउलट, २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ काही महिन्यांत आपली गोष्ट सांगून थांबली, आणि आजही तिची आठवण काढणारी प्रेक्षक तिच्यात दुरुस्ती सुचवीत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकथांकडे वळते. मी वाचलेल्या आणि ऐकलेल्या कथांपैकी बहुसंख्य कथा क्षमेच्या आहेत. विक्रांतला कोणी तरी फसविले होते. खून केला तो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याने. ईशाने जे पाहिले ते स्वप्न होते, आणि जागी झाली तेव्हा खिडकीत ऊन आले होते. लेखिकेची माया या प्रत्येक ओळीत दिसते, आणि त्या मायेला मी तुच्छ लेखणार नाही, कारण दिवसभर दुसऱ्याच्या फर्मानाखाली वावरलेली बाई रात्री स्वतःच्या इच्छेने एका जगाचा निवाडा करते, ही गोष्ट लहान नव्हे. पण कला म्हणून पाहता या कथा ज्या दोषावर उठल्या तोच दोष करतात. मालिकेने कारणावाचून नायकाला पापी केले; या कथा कारणावाचून त्याला निर्दोष करतात. स्टार प्रवाहवरील ‘आई कुठे काय करते’मध्ये २०२४ साली नायिका अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष याचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा अनेकींना तो अरुंधतीवरील अन्याय वाटला; मलाही वाटला. मोडलेल्या संसारातून उठून, गाण्याच्या आधाराने स्वतःला सावरून जिने पुन्हा विश्वास टाकला, तिच्या पदरात असे का घालावे? डब्यात त्या आठवड्यात सगळ्याच जणींनी आशुतोषला वाचविले. कोणाच्या कथेत तो इस्पितळात शुद्धीवर आला, कोणाच्या कथेत त्या गाडीत तो नव्हताच. एकीच्याही कथेत तो वाचल्यानंतर अरुंधतीला काय वाटले हे नव्हते.

येथे मला भवभूतीची आठवण होते. आपल्या विदर्भातील पद्मपूरचा हा आठव्या शतकातील नाटककार. त्याच्यापुढे सीतेच्या भूमिप्रवेशाचा शेवट होता आणि तो त्याला सोसवला नाही. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात त्याने राम आणि सीता यांचे मीलन घडविले, आणि तेथे वसिष्ठपत्नी अरुंधती सीतेला घेऊन पौरजनांपुढे उभी राहते. पण हे मीलन त्याने फुकट दिलेले नाही. तिसऱ्या अंकात सीता अदृश्य रूपाने पंचवटीत वावरते, रामाचा विलाप, त्याची मूर्च्छा, त्याचे स्वतःला अपराधी म्हणणे सारे ऐकते. आणि शेवटच्या अंकात नाटकातल्या नाटकात स्वतःच्या कृत्याचा परिणाम डोळ्यांपुढे घडताना रामाला पाहावा लागतो. सहा अंकांचा शोक भरून झाल्यावरच भवभूती वाल्मीकीच्या शेवटाला हात लावतो.

आणि दुसरी वाटही आहे, जी मला उल्हासनगरने दाखविली. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांत ससुई आणि पुन्हूँची कथा आजही जिवंत आहे: ससुई झोपलेली असताना दीर पुन्हूँला उंटावर घालून नेतात, ती डोंगरातून अनवाणी त्याच्या मागे निघते, आणि शेवटी तिलाही धरणीच पोटात घेते. अठराव्या शतकातील शाह अब्दुल लतीफ यांनी ही कथा आपल्या ‘रिसाल्या’त पाच सुरांत गायिली, पण तिचा शेवट बदलला नाही, आणि कथा पहिल्यापासून सांगितलीही नाही, श्रोत्याला ती ठाऊकच आहे असे गृहीत धरून ते एकदम ससुईच्या शोधाशी, तिच्या पायांतल्या काट्यांशी जाऊन थांबले. उल्हासनगरच्या कॅम्पात वाढलेल्या माझ्या एका तरुण सहप्रवासिनीला ही कथा तिच्या डाडीने, म्हणजे आजीने, सांगितली होती. लहानपणी तिने हट्ट धरला की पुन्हूँ परत आला असे सांग. डाडीने शेवट बदलला नाही. पण ससुई ज्या डोंगरातून चालली त्या वाटेवर काय काय होते, हे मात्र तिने दर रात्री थोडे थोडे वाढवून सांगितले.

माझ्या मते मराठी दुरुस्तीकथेला हाच धडा घेण्यासारखा आहे. घटना पुसण्याची घाई न करता, मूळ कथेने गाळलेली वाट शोधावी. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिराला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख आहे. त्याच्या शिखराचा वरचा भाग आज नाही. त्या जागी सिमेंटचा नवा कळस बसविला तर भक्ताला क्षणभर बरे वाटेल. पण खालच्या थरांची रेषा कोणत्या कोनातून वर चढत गेली हे ज्याने न्याहाळले, त्यालाच गेलेले शिखर डोळ्यांपुढे उभे करता येते. दुरुस्तीकथेच्या लेखिकेलाही मूळ मालिकेचे भाग असेच, थरांप्रमाणे, न्याहाळावे लागतील.

असा प्रयत्न मी एकदाच पाहिला, आणि तो त्याच सहप्रवासिनीचा होता. ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये सासूच्या, आसावरीच्या, पुनर्विवाहासाठी सगळ्या घराशी झगडणारी शुभ्रा तिला फार आवडे. ती मालिका १३ मार्च २०२१ च्या शनिवारी संपली, सोमवारी तिच्या जागी ‘अग्गंबाई सूनबाई’ आली, आणि त्या एका रविवारात कथेतली कित्येक वर्षे लोटली: काही कलावंत बदलले, शुभ्राचा नवरा सोहम परस्त्रीत गुंतला, आणि स्पष्टवक्ती शुभ्रा भिडस्त, दबलेली गृहिणी होऊन पडद्यावर आली. प्रेक्षकांचा संताप रास्त होता. ज्या मुलीने दुसऱ्या बाईला उभे केले, ती स्वतः अशी कशी बसली याचा खुलासा मालिकेने दिला नाही. बहुतेक दुरुस्तीकथांनी जुनी शुभ्रा परत आणली, तिच्याकडून सोहमच्या थोबाडीत मारविली, आणि प्रकरण मिटविले.

या मुलीने नवी शुभ्रा खरी मानली आणि तो रविवार लिहिला. मराठी तिची शाळेतली भाषा, घरातली नव्हे. वाक्ये लहान, काही ठिकाणी अडखळणारी. तिच्या कथेत कोणी ओरडत नाही, कोणी हात उगारीत नाही. बाळाला ताप असतो म्हणून शुभ्रा एक दिवस कामावर जात नाही. मग एक आठवडा. मग सासूच्या वाढत्या व्यापात घर कोणी तरी सांभाळायला हवे म्हणून ती आपण होऊन पुढे होते, आणि सगळे तिचे कौतुक करतात. कथेच्या शेवटच्या परिच्छेदात जुन्या मैत्रिणीचा फोन येतो, शनिवारी भेटायचे का असे ती विचारते. शुभ्रा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी आहे, हाताला कणीक लागलेली आहे, आणि ती म्हणते, विचारून सांगते. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात येते की हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले, आणि ते कोणाला विचारायचे आहे हे मैत्रिणीने विचारलेसुद्धा नाही.