न चाललेला वस्तरा

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन जुने वस्तरे हाती आले. पहिला एका वकिलांच्या घरचा, पणजोबांपासून चालत आलेला. मखमलीचे अस्तर असलेली डबी, पाते आरशासारखे आणि पात्याच्या दांडीवर ‘सोलिंगेन, जर्मनी’ असा स्पष्ट छाप. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती ब्रिटनने 1887च्या कायद्याने केली. त्यामुळे ‘जर्मनी’ हा एक शब्दही काळ ठरवायला उपयोगी पडतो. दुसरा वस्तरा एका सलूनचालकाच्या पणजोबांचा. पाते झिजून निम्मे राहिलेले, छाप पुसून गेलेला, मूठ तारेने बांधलेली. तो देव्हाऱ्याखाली, धोकटीतच होता.

पहिला सुंदर होता, पण सांगण्यासारखे दुसऱ्याजवळ जास्त होते. धार लावताना दर वेळी थोडे पोलाद जाते. जो वस्तरा रोज चालतो, तो हळूहळू स्वतःलाच संपवतो. जो डबीत पडून राहतो, तो नव्यासारखा उरतो. म्हणजे आपल्या घरांत आणि संग्रहांत ‘जुना वस्तरा’ म्हणून जे टिकते, ते बहुधा कमी चाललेले असते. ज्यांनी तो पोटासाठी चालवला, त्यांच्या वारशाचा पुरावा सहाणेवर घासून गेलेला असतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयाने अडकित्ते आणि दिवे यांसारख्या रोजच्या वस्तूंना मान मिळवून दिला, हे मोठेच काम. पण रोजच्या वस्तूंतही देखणी वस्तू आधी निवडली जाते, हा धोका प्रत्येक संग्राहकाला असतो.

हीच अनुपस्थिती मला साहित्यातही दिसते. संत सेना न्हावी यांच्या नावावरचा हजामतीचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या प्रचलित पाठात आरसा आहे, तो विवेकाचा. चिमटा आहे, तो वैराग्याचा. पाणी शांतीचे, पिळायची शेंडी अहंकाराची आणि काढायची नखे काम-क्रोधाची. धोकटी जवळजवळ रिकामी होते, पण वस्तऱ्याचे नाव येत नाही. टीकाकार रूपकाचा अर्थ सांगतात आणि पुढे जातात. ही गाळलेली जागा छंदाच्या सोयीने पडली असेल, असे कुणी म्हणेल, आणि ते खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. तरी मला वाटते, गळ्यावर पाते धरणारा माणूस त्या पात्याविषयी कमीच बोलतो. गिऱ्हाईक मान वर करून डोळे मिटते, ते वस्तऱ्याच्या भरवशावर नव्हे, हाताच्या भरवशावर. अभंगाचा शेवटही हाताशीच होतो. चारी वर्णांना हात देऊन सेना निवांत होतात.

अडचण इथेच सुरू होते. चार वर्णांच्या बाहेर ढकललेल्यांचे काय? गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. जावळ, मुंज, लग्न, सुतक, सगळीकडे त्याचा वस्तरा लागे. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या गालाला तो वस्तरा लागत नसे. लावला तर बाकीचे गाव बलुते बंद करील, ही भीती खरी होती. म्हणून नकाराचा सगळा दोष एका न्हाव्याच्या माथी मारता येत नाही. पण ज्याला दारातून परत पाठवले, त्याचा अपमान त्यामुळे कमी होत नाही.

याच वस्तऱ्याने दुसरा नकारही दिला. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. केशवपनाविरुद्ध सुधारक लेख लिहीत होते, भाषणे देत होते. पण ती रूढी शेवटी ज्या हातातून अमलात येत होती, तो हात न्हाव्याचा होता, आणि त्याने हत्यार खाली ठेवले. त्यात त्याची मिळकत बुडणार होती. आपल्या सुधारणेच्या इतिहासात या घटनेला अजून एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही.

एकाच हत्याराचे हे दोन नकार आहेत. एक गावाच्या दडपणाखाली दुबळ्याला दिलेला, दुसरा रूढीला दिलेला. वारसा सांगायचा तर दोन्ही सांगावे लागतील. पहिला लपवून दुसऱ्याचा फलक लावणे सोपे आहे, आणि पहिल्यावरून संपूर्ण जातीला नावे ठेवणे त्याहून सोपे. दोन्ही सोप्या वाटांनी वस्तरा पुन्हा डबीतला होतो.

म्हणून जतनाचा प्रश्न निव्वळ गंज काढण्याचा नाही. गंज थांबवावाच लागतो, आणि त्याचे नियम साधे आहेत. पाते कोरडे करून त्यावर तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते. मूठ सेल्युलॉइडची असेल तर तो वस्तरा इतरांपासून दूर ठेवावा, कारण जुने सेल्युलॉइड विरताना आम्लाची वाफ सोडते आणि शेजारची पातीही खाते. पण घासून, चमकवून, नवी धार लावून त्याला पहिल्या दिवसाचे रूप देऊ नये. झीज हाच त्याचा लेख आहे. तारेची गाठ सोडून नवी मूठ बसवली की तो लेख पुसला जातो.

आज सलूनमध्ये ब्लेडचे पाते अर्धे मोडून खाचेत बसवतात आणि काम झाले की टाकून देतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच. त्या साधनालाही वस्तराच म्हणतात, पण मुलाला सोपवावे असे त्यात काही उरत नाही.

वकिलांच्या वस्तऱ्याची नोंद मी पाच ओळींत केली. सलूनचालकाला विचारले, नोंदीत काय लिहू? तो म्हणाला, “पणजोबांनी कोणाकोणाची केली ते लिहा.” थोडे थांबून म्हणाला, “आणि कोणाची नाही केली, तेही.”