‘कारण : गांजा’ हे कुणी लिहिलं?

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी ठासून सांगितलं होतं की, इंग्रजांच्या आयोगानेच १८९४ साली गांजा निरुपद्रवी ठरवलाय, आणि आपण अजून त्यासाठी लोकांना तुरुंगात टाकतोय. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून बाईंनी विचारलं, "कुठल्या खंडात? कुठल्या पानावर?" मला सांगता येईना. अहवाल मी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. एका लेखातलं वाक्य दुसऱ्या लेखाने उचललं होतं आणि तिथून ते मी घेतलं होतं.

संशोधनाची तयारी करताना तुम्हीही कधीतरी या जागी उभे राहणार आहात. म्हणून आज त्या अहवालाबद्दल लिहिते. तो काय म्हणतो, कुठे कच्चा आहे, आणि गांजा कायदेशीर करावा की नाही या वादात त्याचा कितपत उपयोग होतो, एवढंच बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या गांज्याविषयी प्रश्न उपस्थित झाला. त्यातून त्याच वर्षी सात सदस्यांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग, आणि सातांपैकी तिघे हिंदी. आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी पाठवली, प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या. एकूण साक्षीदार ११९३. सरकारी अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी, मिशनरी असे सगळे त्यात आहेत. अहवाल आणि साक्षी मिळून सात खंड झाले. मुंबई इलाख्याच्या साक्षीही त्यात आहेत. तेव्हाचे मामलेदार आणि सिव्हिल सर्जन गांज्याबद्दल काय बोलत होते, हे आपल्याला तिथे वाचता येतं.

आयोगाचा निष्कर्ष थोडक्यात असा : मध्यम प्रमाणातल्या सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिसेवनाने होते, आणि अतिसेवन करणारे थोडे असतात. म्हणून संपूर्ण बंदी नको; परवाने, कर आणि बाळगण्यावर मर्यादा यांतून नियंत्रण ठेवावं. यात ‘निरुपद्रवी’ कुठे आहे? मी सेमिनारमध्ये पहिला अर्धा भाग सांगितला आणि दुसरा गिळला. बंदीच्या बाजूचे लोक उलट करतात. त्यांना अतिसेवनाचं वाक्य तेवढं दिसतं.

पण या अहवालात माझ्या मते सगळ्यात मोलाचं आहे ते वेड्यांच्या इस्पितळांवरचं प्रकरण. ‘गांज्याने वेड लागतं’ असं तेव्हा सर्रास मानलं जाई आणि पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे दाखवले जात. आयोगाने १८९२ या एका वर्षातले सगळे दाखले तपासायला घेतले. एकूण १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचं कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग यांची नोंद होती, म्हणजे जवळपास सहातला एक. मग आयोगाने या २२२ जणांची एकेक करून चौकशी करवली. नातेवाइकांकडे विचारपूस झाली, मूळ कागद काढले गेले. शेवटी ९८ दाखल्यांतच गांज्याचा काही हात मानता येईल असं ठरलं, आणि त्यातही गांजा हे एकमेव कारण धरता येईल असे ६१. टक्केवारीत सांगायचं तर साडेसोळावरून सव्वासातच्या आसपास, आणि तिथून साडेचारवर.

मग आधीचा आकडा आला कुठून? रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलीस घेऊन येत. त्याच्याबरोबर एक छापील तक्ता येई, त्यात ‘कारण’ नावाचा रकाना असे. माणूस बोलण्याच्या स्थितीत नाही, नातेवाईक बरोबर नाहीत, आणि रकाना तर भरायचाय. मग कुणीतरी सांगे, हा गांजा ओढायचा. झालं, ‘गांजा’. इस्पितळातला डॉक्टर तो तक्ता नोंदवहीत उतरवी, नोंदवहीवरून वार्षिक तक्ते बनत, आणि त्या तक्त्यांवरून विद्वान लोक सिद्धांत मांडत. इतिहासकार जेम्स मिल्स यांनी या इस्पितळांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलंय, ‘मॅडनेस, कॅनाबिस अँड कलोनिअ‍ॅलिझम’. विषय आवडला तर जरूर वाचा.

त्या २२२ जणांचा जरा विचार करा. चुकीचं कारण लिहिलं गेलं की खरं कारण शोधण्याची कुणाला गरजच उरत नाही. आपण ज्याला ‘डेटा’ म्हणतो त्याच्या प्रत्येक ओळीमागे असा एक माणूस असतो, आणि ती ओळ भरणाऱ्याला बहुधा दिवसाचं काम संपवायचं असतं.

इथवर आयोगाचं कौतुक झालं. आता त्याच्याकडेही तशाच नजरेने बघूया.

पहिली अडचण ‘मध्यम’ या शब्दाची आहे. मध्यम म्हणजे किती, हे आयोग एका ठाम मापात सांगत नाही. ते माणसागणिक बदलतं. पण ज्याला त्रास झाला त्याला आपण अतिसेवन करणारा म्हणू लागलो, तर ‘मध्यम सेवनाने त्रास होत नाही’ हे वाक्य व्याख्येनेच खरं ठरतं. मग ते तपासायचं कसं? तुमच्या संशोधनप्रस्तावात ‘योग्य’, ‘मर्यादित’, ‘पुरेसा’ असे शब्द असतील, तर त्यांच्याखाली आजच पेन्सिलने रेघ मारा.

दुसरी अडचण हितसंबंधांची. गांज्यावरच्या अबकारी करातून सरकारला उत्पन्न मिळत होतं, आणि आयोगाने सुचवला तो मार्ग हे उत्पन्न चालू ठेवणाराच होता. ही गोष्ट नोंदवायलाच हवी. मात्र महसूल मिळत होता म्हणून निष्कर्ष खोटा, असं म्हणता येत नाही. बंदी मागणाऱ्या मद्यपानविरोधी गटांनाही आपलं म्हणणं रेटायचं होतंच. हेतूवर बोट ठेवलं म्हणजे पुरावा तपासला असं होत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक लेखांत येतच नाही. तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, आपली असहमती लेखी नोंदवली होती. म्हणजे ‘आयोग म्हणतो’ असं लिहिताना आपण बहुमताचा आवाज सांगत असतो. कुठलाही सरकारी अहवाल हातात आला की असहमतीची नोंद आहे का, ते आधी शोधा.

आता आजच्याकडे येऊ. १८९४ चा अहवाल १८९२ च्या नोंदी तपासू शकला, पण एक गोष्ट त्याला करता आली नाही : निरोगी माणसांपासून सुरुवात करून त्यांचं पुढे काय होतं, ते वर्षानुवर्षं बघणं. ते काम स्वीडनमध्ये झालं. सैन्यभरतीच्या वेळी ४५,५७० तरुणांकडून माहिती घेतली गेली आणि पुढची १५ वर्षं नोंदी पाहिल्या गेल्या. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निबंधानुसार, पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट होतं. इतर घटक जमेस धरल्यावर हा आकडा बराच खाली येतो, पण नाहीसा होत नाही. त्याच वेळी, गांजा घेणाऱ्या बहुसंख्य तरुणांना हा आजार झाला नाही, हेही तितकंच खरं आहे. सेमिनारमधल्या माझ्या वाक्यात यातलं काहीच बसत नव्हतं.

कायद्याचंही तसंच. ‘भारतात गांजा बंद आहे’ एवढ्यावर थांबू नका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो. तेवढा बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणाप्रमाणे मागच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख. त्यात भांग घेणारे जास्त. झाड एकच, पण कुणी सणाला घोटून पितो आणि कुणी कोर्टाच्या तारखा मोजतो.

मग माझं मत काय? स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला तुरुंगात पाठवू नये, असं मला आजही वाटतं. दुकानात खुली विक्री व्हावी का, याबद्दल मात्र मी पूर्वीइतकी खात्रीने बोलत नाही, विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलांचा विचार केला की. या दोन वेगळ्या मागण्या आहेत : एक शिक्षा काढण्याची, दुसरी बाजार उघडण्याची. वादात त्या एकाच शब्दात कोंबल्या जातात. आणखी एक कबुली. यातलं पहिलं मत मला आकड्यांनी दिलेलं नाही. किती इजेसाठी किती शिक्षा न्याय्य, हा मूल्यांचा प्रश्न आहे. इजा किती, ते पुरावा सांगेल. पुढचं मला माझ्या जबाबदारीवर बोलावं लागेल. १८९४ च्या आयोगाच्या पाठीमागे लपून ते बोलणं, ही माझी खरी चूक होती.

तुम्ही गांज्यावर संशोधन करणार नसाल, तरी एक काम करा. तुमच्या विषयात सगळे जो आकडा देतात, असा एक निवडा आणि तो मागे मागे नेत त्या पहिल्या रकान्यापर्यंत पोचा. तो कुणी भरला, कशावरून भरला, ते लिहून काढा. आठवडा जाईल. पण मागच्या बाकावरून कुणी पान विचारलं, तर तुम्हाला सांगता येईल.